सात कुत्र्यांची पंगत

१ डिसेंबर, सोमवार

आज जेवताना मयूरीने विषय काढला आणि मी अर्ध्या भाकरीवरून उठले.

म्हणाली, "आई, नाताळला पाहुण्यांच्या पाचही खोल्या भरल्यात. या वेळी सगळ्यांबरोबर कुत्रे आहेत. सात. पंचवीस तारखेला दुपारी चिकूच्या वाडीत पंगत घालायची म्हणतेय. माणसं आणि कुत्रे, सगळे एकत्र. कुत्र्यांचं जेवण वेगळं, केक वेगळा. तुम्ही कराल?"

कोसबाडच्या कृषी केंद्रात मी बत्तीस वर्षं बायकांना फळप्रक्रिया शिकवली. चिकूच्या चकत्या वाळवण्यापासून आंब्याच्या मुरंब्यापर्यंत. माझ्या हाताखालून गेलेल्या बायका आज बचत गट चालवतात, मुंबईला माल पाठवतात. मे महिन्याच्या शेवटी शाल आणि नारळ घेऊन घरी आले, आणि डिसेंबरात सुनेने विचारावं, कुत्र्यांसाठी रांधाल का.

ऋषभ तिला म्हणाला, "मी सांगितलं होतं तुला, आई नाही म्हणणार. आपण पाकिटातलं मागवू. दीड वर्ष टिकतं ते."

मी हात धुता धुता विचारलं, "दीड वर्ष टिकणाऱ्यात घालतात तरी काय?"

ऋषभ म्हणाला, पाकिटावर लिहिलेलं असतं.

जूनपासून या वहीत नऊच नोंदी झाल्यात, त्याही गुडघ्याच्या. ही दहावी.

४ डिसेंबर, गुरुवार

ते पाकीट मी बघितलं. बारीक अक्षरात सव्वीस नावं. त्यातली चौदा मला कळली नाहीत, आणि मी या विषयातली बाई आहे.

मयूरीला सांगितलं, करीन. अटी तीन. मागच्या पडवीतली चूल माझी, तिथे कोणी लुडबुडायचं नाही. सामान मी निवडणार. आणि कुत्र्याला मी हात लावणार नाही. लहानपणी खाडीवर एकाने धरलं होतं मला, पोटरीवर खूण आहे अजून. मला कुत्रे आवडत नाहीत, हे इथे लिहून ठेवते.

मयूरी म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." एवढ्या लगेच ती सहसा ऐकत नाही.

७ डिसेंबर, रविवार

डहाणूला जाऊन जनावरांच्या डॉक्टरांना भेटून आले. चंद्रिका राऊत नाव. तिशीची मुलगी, पण नीट बोलते. कुत्र्यांना काय चालत नाही ते विचारलं. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट, शिजवलेली हाडं. चिकूचा गर थोडा चालेल, बी नको. बीला आकडा असतो, घशात रुततो. हे मात्र मला आधीच माहीत होतं आणि मी तसं बोललेही.

ती म्हणाली, "काकू, पूर्ण यादी लिहून देऊ का? बरीच मोठी आहे."

मी म्हटलं, "नको. मुख्य ते सांगितलंस ना. माझ्या लक्षात राहतं."

येताना रिक्षात बसून नागलीचं पीठ, लाल भोपळा, अंडी, दही यांचं प्रमाण मनात मांडत होते. आमची मसोली कधी आली कळलंच नाही. रिक्षावाल्याने दोनदा हाक मारली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पहिला घाणा फसला. नागली आणि भोपळ्याची बिस्किटं इतकी कडक झाली की पाट्यावर आपटली तरी तुटेनात.

चाखायला भुऱ्या ठेवलाय. भुऱ्या हा नवशीचा कुत्रा. नवशी आणि तिचा नवरा काकड्या वाडीची राखण करतात, मागच्या खोलीत राहतात. अकरा वर्षं झाली. नवशी घरातही करते सगळं. भुऱ्या आठ वर्षांचा, मातकट रंगाचा, उजवा कान फाटलेला. माझ्या पडवीच्या पायरीपर्यंत येतो, आत येत नाही. शिस्त आहे.

त्याने बिस्कीट तोंडात धरलं, माझ्याकडे बघितलं, विहिरीपलीकडे गेला, आणि चिकूखाली खड्डा करून ते पुरलं.

बत्तीस वर्षांत माझा पदार्थ कोणी पुरला नव्हता.

नवशी तोंडाला पदर लावून हसत होती. म्हणाली, "बाई, उद्यासाठी ठेवला त्याने."

दुपारी दुसरा घाणा घातला. दही वाढवलं, पीठ रात्रभर भिजवायच्या ऐवजी दोनच तास भिजवलं. या वेळी त्याने तिथल्या तिथे खाल्लं आणि पायरीवर पुढचे दोन पाय ठेवून उभा राहिला. मी "शहाणा आहेस" एवढंच म्हटलं. जास्त काही बोलले नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

पाचवा घाणा. आता प्रमाण बसलं. भुऱ्या सकाळी सहालाच पायरीवर हजर असतो. थंडी पडायला लागलीय आणि ती फरशी फार गार असते, म्हणून कपाटातली सत्काराची शाल त्याच्याखाली घातली. नुसती पडून होती. मला तिचा काही उपयोग नव्हता.

१९ डिसेंबर, शुक्रवार

काल मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. हळदीकुंकवाला गेले तर सोनीबाई चारचौघींत म्हणाली, "बकुळाताई, कुत्र्यांसाठी केक करताय म्हणे?"

बायका हसल्या. महिन्याभरापूर्वी मी तिथून उठले असते. काल म्हटलं, "हो. सात कुत्र्यांसाठी. नागली, भोपळा, अंडं, दही, खोबरेल तेल. साखर नाही, मैदा नाही. तुमच्या नातवाला डब्यात जे देता ना, त्यापेक्षा बरं आहे."

मग कोणी हसलं नाही. एकीने प्रमाण विचारलं.

बेत ठरला. माणसांना कंदभाज्यांची उकडहंडी, तांदळाची भाकरी, कोंबडीचा रस्सा, नारळाची करंजी. कुत्र्यांना बिनहाडाची उकडलेली कोंबडी, मऊ भात, रताळं, गाजर, वर दही. शेवटी केक, मोठी दोन ताटं. आधी असं काही केलेलं कुणी असलं तर मला भेटवा.

२४ डिसेंबर, बुधवार

आज काय झालं ते क्रमाने लिहिते. काही गाळणार नाही.

सकाळी केक भाजले. दोन ताटं. इतके दिवस लहान घाणे होत होते, आज पहिल्यांदा मोठं मिश्रण होतं. पातेल्यात डाव फिरवला आणि भोपळ्याचा तो कच्चट वास आला. मी उठले, कपाटातून डबी काढली, किसणी घेतली आणि किसून घातलं. एक अख्खं. विचारसुद्धा केला नाही. भोपळ्याच्या घारग्यांत घालते, खिरीत घालते, श्रीखंडात घालते, हात आपोआप जातो तिकडे. केक असे फुलले की मयूरी बघायला आली आणि म्हणाली, "आई, वास किती छान येतोय!" मी म्हटलं, येणारच.

ताटं पडवीत निवत ठेवून मी भाज्या निवडायला गेले. तासाभराने आले तर एक ताट रिकामं. भुऱ्या शालीवर बसून तोंड चाटत होता. आठ वर्षांत पहिल्यांदा पायरी ओलांडली त्याने. मी ओरडले, पण खरं सांगायचं तर मनातून बरं वाटलं. एवढं आवडलं म्हणून.

साडेबाराला नवशी धावत आली. "बाई, भुऱ्याला बगा. त्याला काय तरी झालंय."

विहिरीजवळ होता. चालायला जायचा आणि मागचे पाय फाकायचे. झाडावर जाऊन आदळला. जीभ कोरडी पडलेली, डोळे मोठे झालेले. मी हाक मारली तर माझ्याकडे न बघता भलतीकडेच बघून गुरगुरला. काकड्या म्हणाला साप असेल. मी त्याला शालीत गुंडाळून उचललं. अठरा किलोचा तरी असेल. ऋषभने गाडी काढली, नवशी आणि काकड्या मागे बसले, मी त्याला मांडीवर घेतला. सगळी वाट त्याचं काळीज माझ्या हाताखाली धडधडत होतं, मोजता येऊ नये इतकं जोरात.

चंद्रिकाने त्याला तपासलं. "काकू, काय खाल्लं याने?"

मी सांगितलं. छातीवर हात ठेवून सांगितलं. नागली, भोपळा, अंडं, दही, खोबरेल. यातलं एकही तुझ्या यादीतलं नाही, म्हटलं.

"आणखी काही? वासासाठी वगैरे?"

मी म्हटलं, "जायफळ."

तिने स्टेथोस्कोप पुन्हा त्याच्या छातीला लावला. मग म्हणाली, "किती?"

"दोन ताटांना एक. त्याने एक ताट खाल्लं."

"म्हणजे अर्धं. काकू, जायफळ कुत्र्यांना बाधतं. चिमूटभराने फारसं होत नाही, पण अर्धं म्हणजे पुष्कळ झालं."

"तुझ्या त्या मोठ्या यादीत होतं?"

"होतं."

तिने मला आणखी काहीही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

सलाईन लावलं. याच्यावर वेगळा उतारा नाही, म्हणाली, जोर ओसरेपर्यंत शांत ठेवायचं आणि काळजावर लक्ष ठेवायचं. वाचेल, पण आजची रात्र इथेच राहू दे. मी निघाले तेव्हा नवशी त्याच्याजवळ जमिनीवर बसली होती. मी म्हटलं, "नवशी, माझ्या हातून चूक झाली गं." ती म्हणाली, "तुमी जाणून केलं काय? नाय ना." आणि मग तीच माझ्याबरोबर निघाली. मी नको म्हटलं. म्हणाली, काकड्या बसेल इथे, तिकडे तुम्हाला परत सगळं रांधायचं आहे.

गाडीत ऋषभ म्हणाला, "आई, उरलेलं ताट फेकू, नवीन करू. पाहुण्यांना काही सांगायचं नाही. भुऱ्याने बाहेर काही तरी खाल्लं म्हणू. उगाच नाव खराब होईल, आत्ता कुठे जम बसतोय."

तो वाईट मनाने बोलला नाही. दोघांनी तीन वर्षं राबून हे उभं केलंय, मी बघितलंय. फाटकापर्यंत वेळ होता. सगळा विचार केला. कोणाला कळलं नसतं, हे खरंच होतं. चंद्रिका कोणाला सांगणारी नाही. सोनीबाईला तर कळू नयेच. पण उद्या सात कुत्री माझ्या हातचं खाणार, आणि त्यांच्या माणसांना माहीतच नाही की हा हात काल चुकलाय. केंद्रात एका बाईने मुरंब्याच्या बरण्या नीट न उकळता भरल्या होत्या. मी तिला सगळ्यांसमोर उभं करून कबूल करायला लावलं होतं. रडली होती ती. तेव्हा मला ते बरोबर वाटलं. आज वाटलं, कबूल करणं बरोबर होतं, पण उभं करायला नको होतं. आपली आपण उभी राहिली असती तर ते वेगळं.

पाहुणे चिकूखाली चहाला बसले होते. मी गेले आणि उभी राहिले.

"मी बकुळा सावे. उद्याचं कुत्र्यांचं जेवण मी करणार होते. आज केकमध्ये माझ्याकडून जायफळ पडलं. ते कुत्र्यांना विषारी असतं. डॉक्टर यादी देत होती, ती मी घेतली नाही. आमचा कुत्रा दवाखान्यात आहे. तो केक मी पुरणार आहे, आणि संध्याकाळी सगळं नव्याने करणार आहे. या वेळी यादी समोर ठेवून. ज्यांना आपल्या कुत्र्याला द्यायचं नसेल त्यांनी आत्ताच सांगावं. मला राग येणार नाही."

एक काळी लॅब्रेडोर खाली पडलेला चिकू हुंगत होती.

त्या लॅब्रेडोरच्या बाई म्हणाल्या, "सॉरी, पण आम्ही आमचं आणलंय. तिला तेच देऊ." आणि कुत्रीला ओढून जवळ घेतलं. बरोबर केलं त्यांनी. मीही तेच केलं असतं.

मग वापीहून आलेले पीयूषभाई देसाई म्हणाले, "बेन, माझा टायगर चौदा वर्षांचा छे. आंधळा आहे बिचारा. तो तुमचंच खाणार."

मी म्हटलं, "ऐकलंत ना मी काय सांगितलं?"

"ऐकलं तेनी वास्तेच तो, म्हणून तर. दुकानातून केक घेतो तर कोण येऊन सांगतं मला, भाई, आज यात चूक झाली? कोणी नाही. तुम्ही सांगितलं. बस."

बाकीच्यांनी मान हलवली. कुत्री आणखी कोणी ओढून घेतली नाहीत.

चंद्रिकाची पूर्ण यादी मयूरीने फोनवरून उतरवून मोठ्या अक्षरात चुलीसमोर चिकटवली. बावीस नावं. नवशीने भोपळा किसला. मधेच फाटकात तिच्या पाड्याच्या दोन बायका उभ्या राहिल्या. नाताळची मिस्सा, चर्चची गाडी निघतेय, चल म्हणाल्या. मी म्हटलं, "नवशी, जा. मी करते." ती म्हणाली, "दरसाल जातेच. या साली देवाला सांगा, पडवीत हाय म्हणून." त्या गेल्या. ती किसत राहिली.

नवीन केकला काहीही वास नाही. भोपळ्याचा कच्चट वास येतो तो येतो. येऊ दे.

काकड्याचा फोन आला. भुऱ्या झोपलाय, पाय शांत आहेत.

२५ डिसेंबर, गुरुवार

सकाळी साडेनऊला भुऱ्या घरी आला. गाडीतून स्वतः उतरला, जरा तिरका चालला, आणि तडक पडवीच्या पायरीवर येऊन बसला. मी आत होते. बाहेर यायला वेळ लागला मला, डोळ्यांत काही तरी गेलं होतं. चुलीचा धूर असेल.

चंद्रिकाने सांगितलंय, आज हलकं द्या, भात आणि कोंबडी चालेल.

पंगत बाराला बसली. चिकूच्या दोन रांगांमधल्या मोकळ्या जागेत सतरंज्या. माणसांना केळीची पानं, आणि प्रत्येक पानाशेजारी कुत्र्यासाठी पितळी ताटली. मला वाटलं होतं भांडणं होतील, एकमेकांवर धावतील. एकही नाही. बहुतेक जेवणाच्या वासाने सगळ्यांना शहाणपण आलं. नाशिकच्या बाईंच्या दोन रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्या, पुण्याच्या जोडप्याचा तो पाय नसल्यासारखा बुटका, एक केसाळ पांढरा, एक पिवळा, आणि टायगर. सहा झाले. सातवी ताटली मांडलेली होती, लॅब्रेडोरची. मयूरी ती उचलायला वाकली. मी म्हटलं, राहू दे. भुऱ्याला हाक मारली. तो आला, आणि पाहुण्यांच्या रांगेत बसला. सात पूर्ण.

प्रत्येक ताटली मी स्वतः वाढली. वाढताना नाव विचारलं, काय घातलंय ते सांगितलं. केंद्रातल्या परीक्षेलाही एवढं कोणी लक्ष देऊन ऐकलं नसेल. टायगरला दिसत नाही म्हणून पीयूषभाईंनी त्याचं तोंड ताटलीशी नेलं. त्याने आधी दही चाटलं, मग थांबला, आणि मग असा जेवायला लागला की भाईंनी स्वतःचं पान बाजूला सारलं आणि नुसते बघत बसले. म्हणाले, "बे महिन्याथी, दोन महिने झाले, बरोबर खात नव्हता."

ऋषभने फोटो काढले. मी एकात आहे, हातात पातेलं. बरा आलाय. फ्रेम कर म्हटलं.

लॅब्रेडोर ओटीवर बांधली होती. तिने तिचं पाकिटातलं खाल्लं आणि पंगत उठेपर्यंत रडली. बाई बधल्या नाहीत, मीही आग्रह केला नाही. निघताना एवढंच म्हणाल्या, "मावशी, उकडहंडी छान होती." मी म्हटलं, "पुन्हा या."

केक उरला नाही. वास नसलेला केक, पण एक कण उरला नाही.

संध्याकाळी नवशी भांडी घासता घासता म्हणाली, "बाई, रविवारी आमच्या तलासरीला या. आयशीकडे. नाताळचं जेवण हाय." ती दर वर्षी बोलावते. दर वर्षी माझं काही ना काही निघतं. वाडीचं काम, परीक्षा, गुडघा. आज मी म्हटलं, "येते." तिने हातातलं पातेलं तसंच धरलं आणि विचारलं, "खरंच?"

२८ डिसेंबर, रविवार

ऋषभ, मयूरी, मी, नवशी, काकड्या. मागे भुऱ्या, कारण त्याला ठेवून निघालो तर फाटकावरून उडी मारून आला. गाडीत त्याने डोकं माझ्या पायावर ठेवलं. गाडी लहान आहे, दुसरीकडे जागा नव्हती त्याला.

तलासरी ओलांडून, अच्छाडच्या नाक्याअलीकडे ट्रकांच्या रांगेतून सुटून आत वळलो. पुढे डोंगराकडे दोनेक किलोमीटर. नवशीची आई बुधीबाई दारातच होती. ऐंशीच्या पुढची असेल, ताठ. घर कुडाचं, शेणाने सारवलेलं. दारावर कागदाची चांदणी, आत भिंतीवर क्रूस, त्याला झेंडूची माळ.

मी विचारलं, "नाताळ तर गुरुवारी झाला. तुमचं जेवण आज कसं?"

बुधीबाई म्हणाली, "नवशीला त्या दिशी तुमच्याकडे काम असतं ना. मग आमी रविवार धरतो. ती आल्याबिगर कसला नाताळ."

"किती वर्षं?"

"तुमच्याकडे लागली तवापासून."

मी मयूरीकडे बघितलं. ती खाली बघत होती. मी तिला तिथेच सांगितलं, पुढच्या वर्षी पंचवीस तारखेला नवशीला सुट्टी. पंगतीचं आपण दोघी बघू. मयूरी म्हणाली, "हो आई." हे मला आधी का सुचलं नाही, याचा विचार मी परतीच्या वाटेवर करत होते. अजून करतेय.

भात, कोंबडी, तांदळाच्या भाकऱ्या. पानं मांडली, सगळे बसले, पण कोणी हात घालेना. बुधीबाई पातेलं घेऊन अंगणात गेली. चार कुत्री येऊन बसली होती, पाचवा आमचा. त्यांना आधी वाढायचं, ही त्या घरातली रीत.

मी मागोमाग गेले. सवयीने वाकून पातेल्यात बघितलं, हाडं आहेत का म्हणून. एकही नव्हतं. सगळं सोडवून, बोटाने कुस्करून भातात कालवलेलं. कांदाही नाही.

"आजी, हाड घालायचं नाही, हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

ती म्हणाली, "शिकवाया काय लागतं? आपलाच कुत्रा हाय ना. बगून कळतं." मग म्हणाली, "देव जन्मला त्या रातीला राखण्या धनगरांची कुत्री होतीच की बाहेर. आत सगळ्यांना बोलावलं, त्यांना कोन विचारतो? म्हणून आमच्याकडे ती पहिली."

माझ्याकडे बत्तीस वर्षं, एक पदवी आणि बावीस नावांची यादी. तरी त्या म्हातारीसमोर मला माझा अभिमान कमी झालाय असं वाटलं नाही. उलट आम्ही दोघी एकाच कामातल्या आहोत असं वाटलं, आणि ती ज्येष्ठ.

नवशीने आईला काही तरी सांगितलं, त्यांच्या बोलीत. भरभर बोलली, मला सगळं कळलं नाही. 'बाई' कळलं आणि 'भुऱ्या' कळलं. बुधीबाईने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पातेलं माझ्या हातात दिलं.

"घ्या. तुमी वाढा."

मी पाचही जणांना वाढलं. अंगणातली बायकामाणसं बघत होती. एक पिवळी कुत्री होती, पिल्लांची आई, तिला दोन घास जास्त घातले. माझा हात चाटला तिने. मी काढून घेतला नाही.

मग आत येऊन सगळ्यांबरोबर खाली बसले. गुडघा दुखला, पण बसले. अकरा वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांच्या घरी जेवत होते. नवशी वाढत होती आणि सारखी माझ्याकडे, माझ्या पानाकडे बघत होती. का ते विचारायचं राहून गेलं. भात मी दोनदा मागून घेतला.